सामना घरी लावावा का? पेपर म्हणून सरळ रिव्ह्यू

थेट सांगतो. घरात एकच पेपर येणार असेल तर तो सामना नको, पण दोन येत असतील तर त्यातला एक सामना असायला काही हरकत नाही, मी तर म्हणेन असावाच. पाचपैकी साडेतीन स्टार. सामना हा ठाकऱ्यांच्या शिवसेनेचा पेपर, पण शिवसेना आवडते की नाही यावर हा रिव्ह्यू नाहीये, त्या भांडणाला आख्खं फेसबुक मोकळं पडलंय. पेपर म्हणून हातात काय पडतं, भाषा कशी आहे, फोटो कसे लावतात, आणि बाजू घेतात ती किती उघड आणि किती लपूनछपून, एवढंच बोलतो. बाकीच्या पेपरांवरही घसरणार आहे मधे मधे, कारण त्यांच्याशेजारी ठेवल्याशिवाय सामनाचा रिव्ह्यू होतच नाही.

बिस्किटाचा पुडा घेताना आपण आधी वर काय छापलंय ते बघतो ना, तसं इथे बघा. सामनाने नावाबरोबर वर्षानुवर्षं छापलंय, 'ज्वलंत हिंदुत्वाचा पुरस्कार करणारे एकमेव मराठी दैनिक'. झालं, विषय संपला. २३ जानेवारी १९८८ ला म्हणजे बाळासाहेबांच्या वाढदिवशी पेपर सुरू झाला, संस्थापक संपादक स्वतः बाळासाहेब, २०१२ ला ते गेल्यावर उद्धव ठाकरे, ते मुख्यमंत्री झाल्यावर १ मार्च २०२० पासून रश्मी ठाकरे, आणि मुख्यमंत्रिपद गेल्यावर २०२२ च्या ऑगस्टात परत उद्धव. कार्यकारी संपादक संजय राऊत, जे खासदारही आहेत आणि रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर उभे राहणारा पक्षाचा आवाजही. कधीकधी तर पक्षप्रमुखांची मोठी मुलाखत येते आणि ती घेतात राऊत, म्हणजे घरातलीच मुलाखत घरातल्याच पेपरात. हसू येतं, पण फसवलं असं वाटत नाही, कारण कोणीच काही लपवलेलं नाही. तमिळनाडूत द्रमुकचा मुरसोली आहे, केरळात माकपचं देशाभिमानी आहे, तिकडेही वाचणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की हा पेपर कोणाचा.

आता बाकीचे. सकाळ नानासाहेब परुळेकरांनी १९३२ ला काढला, १९८५ पासून तो पवार कुटुंबाकडे आहे, शरद पवारांचे बंधू प्रतापराव. लोकमत दर्डा कुटुंबाचा, जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे मंत्री होते, पुढे विजय दर्डा राज्यसभेत आणि राजेंद्र दर्डा मंत्रिमंडळात. नागपूरचा तरुण भारत संघविचारांचा, हे नागपुरात रिक्षावालाही सांगेल. यात चोरी काही नाही, सगळं जाहीर आहे, आणि मालक अमका म्हणून प्रत्येक बातमी वाकडीच असणार असं म्हणणं पोरकटपणा आहे, या पेपरांत उत्तम काम करणारे लोक आहेत आणि मालकाच्या गोटातल्या नेत्याला सोललेलं पण मी वाचलंय. पण पहिल्या पानावर नावाखाली हे लिहिलेलं नसतं एवढाच मुद्दा. तिथे 'निर्भीड', 'निःपक्ष' असलं काहीतरी असतं.

सामनाचा खरा माल म्हणजे अग्रलेख. तो वाचायला मजा येते आणि ही मजा नाकारण्यात अर्थ नाही. छोटी वाक्यं, मधेच एखादी म्हण, मधेच टोमणा, आणि शेवटच्या ओळीत थोबाडीत. ही ठाकरी शैली हवेतून आलेली नाही, आपल्याकडे मथळ्यातच कॉलर पकडायची जुनी सवय आहे, टिळकांनी १८९७ ला प्लेगच्या दिवसांत केसरीत विचारलंच होतं 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?', आणि संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अत्र्यांनी १९५६ ला दैनिक मराठा काढून जे काही केलं ते तर आजच्या कुठल्याही वकिलाला घाम फोडेल. बाळासाहेब मुळात व्यंगचित्रकार, त्यामुळे माणूस एका रेषेत पकडायचा आणि मग त्याला ते नाव आयुष्यभर चिकटलं पाहिजे ही त्यांची रीत. शरद पवारांना त्यांनी 'मैद्याचं पोतं' म्हटलं ते अजून लोकांच्या तोंडात आहे. आणि त्याच सामनात २०२० च्या जुलैमध्ये त्याच पवारांची तीन दिवस मुलाखत, वर नाव 'एक शरद, सगळे गारद'. हे दोन्ही शेजारी ठेवून बघा, महाराष्ट्राच्या राजकारणाचा इतिहास वेगळा वाचायची गरज नाही.

तक्रार काय, तर शब्द झिजलेत. २०२२ च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, ऑगस्टच्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' झालं, म्हणजे आमदार पैशाला विकले गेल्याचा टोमणा, तेव्हापासून 'मिंधे' (हे शिंदेंना चिडवायचं नाव), 'गद्दार', 'खोके', 'घटनाबाह्य सरकार' हे शब्द सामनात इतके आले की पहिल्यांदा चटका बसायचा तिथे आता काहीच होत नाही, डोळा वरून घसरून जातो. आणि हे अग्रलेखात असतं तर ठीक, ते मत आहे, पण आतल्या पानावर साध्या बातमीत, अमुक ठिकाणी रस्त्याचं काम रखडलं या चार ओळींच्या बातमीत पण शिंदे मुख्यमंत्री असताना 'मिंधे सरकार' यायचं. बातमी आणि मत यांच्यात भिंत नाही, पडदा पण नाही. एक स्टार इथेच कापलाय. कारण रस्ता खरंच रखडला असेल तर ती बातमी सामनाच्या बाहेरच्या माणसाला पटली पाहिजे ना, 'मिंधे' वाचल्यावर तो पान उलटतो आणि रस्ता तसाच राहतो.

पण गंमत अशी की हे वाचून मी जेव्हा शेजारचा 'तटस्थ' पेपर उघडतो तेव्हा मला तिथे जास्त सावध राहावं लागतं. तिथे मिंधे नसतं, तिथे क्रियापदं असतात.

समजा अर्थमंत्री म्हणाले की राज्यावरचं कर्ज वाढलंय पण मर्यादेत आहे. एका पेपरात 'कर्ज मर्यादेतच, अर्थमंत्र्यांनी केले स्पष्ट'. दुसऱ्यात 'कर्ज मर्यादेत असल्याचा अर्थमंत्र्यांचा दावा'. तिसऱ्यात 'कर्ज वाढल्याची अर्थमंत्र्यांची कबुली'. तिघांनी खोटं काहीच छापलं नाही. पण 'स्पष्ट केले' म्हटलं की ते खरंच असणार, 'दावा' म्हटलं की शंका आली, 'कबुली' म्हटलं की माणूस पिंजऱ्यात उभा. नेता नावडता असला की तो 'आगपाखड' करतो, 'थयथयाट' करतो, 'मुक्ताफळे उधळतो', फारच झालं तर 'बरळतो', आणि आवडता असला की तेच बोलणं 'खडे बोल सुनावले' किंवा 'समाचार घेतला' होतं. नाराजी एकाची असली तर ती 'नाराजी', दुसऱ्याची असली की 'नाराजीनाट्य'. ते 'नाट्य' कोणी जोडलं, तर डेस्कवरच्या कोणीतरी रात्री अकरा वाजता हेडिंग एका ओळीत बसत नव्हतं म्हणून खटपट करताना जोडलं, म्हणजे दरवेळी कट असतोच असं नाही, सवय पण असते. पण वाचणाऱ्यावर व्हायचा तो परिणाम होतोच.

'पहाटेचा शपथविधी' हेच घ्या. २२ नोव्हेंबर २०१९ च्या संध्याकाळी पवारांनी सांगितलं की मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव यांच्या नावावर एकमत झालंय, रात्री पेपर तेच छापून गेले, आणि सकाळी लोकांनी दारातला पेपर उचलला तेव्हा टीव्हीवर फडणवीस आणि अजितदादा राजभवनात शपथ घेत होते. पेपरवाल्यांची इतकी पंचाईत मी दुसऱ्या कुठल्या दिवशी बघितलेली नाही. आता ही शपथ झाली सकाळी आठच्या सुमारास. नोव्हेंबरात आठला चांगलं ऊन आलेलं असतं, लोक डबा घेऊन लोकल पकडून गेलेले असतात. पहाटे झालं ते राष्ट्रपती राजवट उठवणं, ५ वाजून ४७ मिनिटांनी. पण नाव पडलं 'पहाटेचा शपथविधी' आणि पहाट म्हटलं की अंधार आला, चोरपावलं आली, सगळंच आलं. काम चोरीछुपेच झालं होतं असं माझंही मत आहे, तरी घड्याळ घड्याळ आहे. हा शब्द सामनाने एकट्याने नाही वापरला, सगळ्यांनी वापरला, ज्यांना भाजप आवडते त्यांनीसुद्धा, कारण शब्दच तसा चपखल बसला.

दुसरं म्हणजे कर्ता गायब करणं. १ सप्टेंबर २०२३, जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी, मराठा आरक्षणाचं उपोषण. पोलीस म्हणाले आधी दगडफेक झाली, आंदोलक म्हणाले आधी लाठ्या आल्या. आता 'पोलिसांचा आंदोलकांवर लाठीमार' हा एक मथळा, आणि 'आंदोलनाला हिंसक वळण' हा दुसरा. ते वळण कोणी दिलं? कोणीच नाही, वळण आपलं आपणच आलं, घाटात येतं तसं. तीनच दिवसांत गृहमंत्री म्हणून फडणवीसांनी माफी मागितली, त्यानंतर मात्र वळणाला अचानक माणसं सापडली.

मालवणचं तर सगळ्यांना आठवत असेल. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा, ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण, आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो पडला. अनावरणाच्या बातमीत कोणाच्या हस्ते, कोणाच्या उपस्थितीत, कोणाच्या संकल्पनेतून, सगळी नावं ओळीने. पडल्याच्या बातमीत मात्र 'पुतळा कोसळला'. फार तर वारा, कारण मुख्यमंत्र्यांनी वाऱ्याचं सांगितलं होतं. अशा वेळी सामना कामाला येतो बघा. तिथे कर्ता कधीच गायब नसतो, उलट एकाच्या जागी चार कर्ते उभे केलेले असतात आणि त्यातले दोन आपण वजा करून घ्यायचे.

पक्षांच्या नावांचा गोंधळ तर विचारूच नका. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला. म्हणजे कागदावर शिवसेना ती, आणि दुसरी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), चिन्ह मशाल. आता बातमीत काय लिहायचं? कोणी 'शिंदे गट' लिहितो म्हणजे मूळ पक्ष तिकडे नाही, कोणी 'ठाकरे गट' म्हणजे इकडे नाही, कोणी दोघांनाही सारखं मोजायला 'शिंदेसेना' आणि 'उद्धवसेना', आणि ज्याला चिडवायचंय तो 'उबाठा'. उबाठा हे नुसतं संक्षिप्त रूप आहे म्हणतात, मग ते ठाकऱ्यांचा माणूस स्वतःच्या तोंडाने कधी का नाही म्हणत? कुठल्याही मराठी पेपराचा कल बघायचा असेल तर बाकी काही वाचू नका, तो दोन्ही शिवसेनांना काय म्हणतो तेवढं बघा, एका बातमीत काम होतं. सामनात अर्थातच शिवसेना एकच, आणि ती कोणाची ते सांगायला नको.

आता फोटो. इथे लोक कमी लक्ष देतात आणि खरी कलाकारी इथेच असते.

५ ऑक्टोबर २०२२ चा दसरा. शिवाजी पार्कात उद्धव, हायकोर्टाने परवानगी दिल्यावर, आणि बीकेसीच्या मैदानात शिंदे. एकाच संध्याकाळी दोन दसरा मेळावे, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला एकच जाणून घ्यायचं होतं की गर्दी कोणाकडे जास्त. सामनाचं पहिलं पान कसं असणार ते पेपर यायच्या आधीच माहीत होतं. पण इतर ठिकाणी फोटो नीट बघण्यासारखे होते. लांबची लेन्स लावून स्टेजच्या बाजूने गर्दीकडे कॅमेरा केला की माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात, डोक्याला डोकं, मैदान फुटल्यासारखं. तोच कॅमेरा उंचावर नेऊन रुंद लेन्सने घेतला की मधल्या वाटा, बॅरिकेडमधल्या मोकळ्या जागा, मागच्या रिकाम्या खुर्च्या सगळं उघडं पडतं. फोटो सहा वाजताचा की आठ वाजताचा हे कॅप्शनमध्ये कधी असतं का? नसतंच. बीकेसीत तर ५१ फुटी तलवार होती आणि स्टेजवर बाळासाहेबांची खुर्ची ठेवली होती. म्हणजे खुर्चीचा फोटो लावायचा तर ती खुर्ची लावायची की शेवटच्या रांगेतली रिकामी, हा निर्णय कोणीतरी घेतलाच असणार ना. दोन्ही फोटो खरेच.

नेत्याचा साधा फोटो पण बघत जा. प्रत्येक पेपराकडे प्रत्येक नेत्याचे ढिगाने फोटो पडलेले असतात. हात जोडलेला, हसरा, विचारात पडलेला, तोंड वासलेला, डोळे अर्धे मिटलेला, घाम पुसणारा. आरोप झाला की घाम पुसणारा निघतो. योजना जाहीर केली की हसरा. बोट उगारलेला फोटो आवडत्याचा असला तर करारी आणि नावडत्याचा असला तर उर्मट, फोटो बदलत नाही, फक्त शेजारचा मथळा बदलतो. आणि दोन नेते एका फोटोत असले तर कात्री कुठे चालली ते बघा, खांद्यावरचा हात दिसतो पण हाताचा मालक कापलेला असतो.

अर्थात कधीकधी फोटो पेपरवाल्यांच्या हातातच राहत नाही. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात पवार भर पावसात भाषण करत उभे राहिले, तीन दिवसांवर मतदान, त्या फोटोला ना मथळा लागला ना संपादकीय. साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले. त्यानंतर प्रत्येक पक्षाचा माणूस पावसाची वाट बघत भाषण करतो असं वाटायला लागलं.

सामनाला चित्राचा फटका बसलाय तो मात्र चांगलाच. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, राज्यभर मराठा मूक मोर्चे निघत होते, रविवारच्या उत्सव पुरवणीत व्यंगचित्र आलं, मूक मोर्चाचा 'मुका मोर्चा'. लाखो लोक, त्यात बायाबापड्या, शिस्तीत, घोषणा न देता चालतायत आणि त्यावर असा विनोद. नवी मुंबईत आणि ठाण्यात सामनाच्या कार्यालयांवर दगड पडले, उद्धव ठाकऱ्यांना माफी मागावी लागली. व्यंगचित्रकाराने काढलेल्या पक्षाच्या पेपराला व्यंगचित्रावरूनच माफी मागायची वेळ आली. दगड मारणाऱ्यांचं समर्थन नाही, पण ते चित्र राजकीय बाजूचं पण नव्हतं, निव्वळ आगाऊपणा होता.

उलट बाजूने २०२५ चा जून. राज आणि उद्धव एकत्र येणार येणार अशी चर्चा चाललेली, आणि सामनाच्या पहिल्या पानावर दोघांचा एकत्र फोटो. बातमी म्हणावी तर त्यात नवीन काही नाही, पण ज्या पेपरात २००५ नंतर राज ठाकऱ्यांना प्रेमाने जागा मिळायची नाही तिथे पहिल्या पानावर फोटो म्हटल्यावर सगळ्यांना कळलं काय ते. ५ जुलैला वरळीच्या डोममध्ये दोघं खरंच एका स्टेजवर आले. पक्षाचा पेपर वाचायचा तो असा, काय छापलंय यापेक्षा आज ते का छापलंय हे बघायचं.

म्हणूनच ३ जानेवारी २०२५ ला 'देवाभाऊ, अभिनंदन!' असा अग्रलेख आला तेव्हा दिवसभर चॅनेलवर दुसरं काही नव्हतं. मुख्यमंत्री फडणवीस, म्हणजेच देवाभाऊ, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी गडचिरोलीत गेले होते, त्याचं कौतुक. हेच कौतुक इतर कुठल्या पेपराने केलं असतं तर बातमीच झाली नसती. सामनाने केलं म्हणून झाली. आणि मागे २०१४ ते २०१९ आठवा, सेना सत्तेत, मंत्री सरकारी गाडीत, आणि पक्षाचा पेपर रोज सकाळी त्याच सरकारला धुतोय. त्या पाच वर्षांत खरा विरोधी पक्ष कोण असा प्रश्न काँग्रेसवाल्यांनाही पडला असेल. 'सामनातून टीका' ही पट्टी तेव्हापासून मराठी चॅनेलवर सकाळी नऊला ठरलेली. म्हणजे तुम्ही पेपर लावा न लावा, अग्रलेख तुमच्यापर्यंत येतोच, फक्त त्यातल्या दोन जहाल ओळी तेवढ्या येतात आणि मधला युक्तिवाद गळून जातो.

पैशाचं एक बोलतो आणि मग आवरतं घेतो. बाजू घेण्यापेक्षा वाईट काय, तर बाजू विकणं. २००९ च्या विधानसभेला अशोक चव्हाणांच्या कौतुकाच्या पुरवण्या निघाल्या, 'अशोकपर्व', आणि तीन वेगवेगळ्या मोठ्या पेपरांत एकच लेख शब्द न् शब्द सारखा आला. पी. साईनाथांनी ते उघड केलं. चव्हाणांनी पेपरातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. निवडणूक आयोगाने २०१४ ला त्यांच्यावर ठपका ठेवला, पुढे दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते सुटले. पण तीन पेपरांना तेच शब्द सुचले हे कसं, याचं उत्तर वाचकाला कोणीच दिलं नाही. सामनात निदान कोण कोणाची तारीफ करतंय आणि का, हे विचारावं लागत नाही.

आता जाहिरात जाहिरातीसारखी येते पण ती पण वाचण्यासारखी असते. १३ जून २०२३ ला पानभर जाहिरात आली, 'राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे', सोबत सर्वेक्षण, मुख्यमंत्री म्हणून शिंदेंना २६.१ टक्के आणि फडणवीसांना २३.२. फोटोत फडणवीस नाहीत, बाळासाहेब पण नाहीत. केवढी धुसफूस झाली, दुसऱ्याच दिवशी नवी जाहिरात, त्यात बाळासाहेब, दिघे साहेब, फडणवीस सगळे हजर. एका रात्रीत फोटो बदलले म्हणजे फोटोला किती किंमत असते बघा. आणि २०२५ च्या गणपतीत 'देवाभाऊ'च्या पानभर जाहिराती आल्या, शिवरायांच्या पायाशी फुलं वाहताना, त्या कोणी दिल्या तेच जाहिरातीत नव्हतं. पहिलं पान समजून जॅकेट, म्हणजे वरून गुंडाळलेलं जाहिरातीचं पान, वाचत बसू नका, उलटा, खरं पहिलं पान तिसऱ्या पानावर असतं.

तर लावायचा कोणी? ज्याला राजकारणात रस आहे आणि ज्याला वाचताना राग येत नाही त्याने. ज्यांच्या घरात दोन पक्षांची माणसं आहेत त्यांनी तर नक्की, पण मग दुसरा पेपर उलट्या बाजूचा घ्या, तरुण भारत घ्या, म्हणजे सासरे-जावई दोघांचीही सोय होते आणि चहा गार व्हायच्या आत भांडण सुरू होतं. शेतीबाजार, जिल्ह्याच्या बातम्या, परीक्षांचे अपडेट यासाठी सामनावर राहू नका, त्यासाठी तुमच्या भागातला जो मोठा पेपर असेल तोच बरा. मुलांना स्पर्धा परीक्षेसाठी लावत असाल तर अजिबात नको, 'घटनाबाह्य सरकार' असं पेपरात लिहून आलं पोरगं तर मार्क कोण देणार. मराठी मात्र सुधारेल, म्हणी तरी येतील.

आणि जो पेपर लावाल त्याची मालकी एकदा बघून ठेवा. फेब्रुवारी संपला की मार्चच्या पहिल्या पहिल्या अंकात आत कुठेतरी बारीक टायपात एक चौकट येते, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, मालक कोण, मोठे भागधारक कोण. भिंग लागेल इतकी बारीक असते. क्रिकेटच्या बातमीच्या खाली किंवा निविदांच्या शेजारी कोंबलेली. आख्ख्या वर्षात कोणत्याही पेपराने स्वतःबद्दल छापलेला सगळ्यात खरा मजकूर तोच.

मोबाईलवर वाचणार असाल तर सामनाचा अग्रलेख वेबसाइटवर फुकट मिळतो, त्यासाठी पैसे घालवू नका. पण फोनवर सगळ्या बातम्या एकाच मापाच्या दिसतात, कुठली लीड होती आणि कुठली सातव्या पानावर तळाला दीड कॉलमात दाबली होती ते कळत नाही, आवडत्याचा फोटो पाच कॉलम आणि नावडत्याचा टपाल तिकिटाएवढा हे पण कळत नाही. त्यामुळे लिंकवर जाऊ नका, ई-पेपरचं आख्खं पान उघडा, दोन पेपर असतील तर दोन्ही पानं शेजारी शेजारी, आणि मजकूर वाचायच्या आधी नुसती घडीच्या वरची बाजू बघा.